समास चुकला की हिशेब चुकतो : पायथनमधले इंडेंटेशन दुरुस्त करताना

परळला आमच्या चाळीत तळमजल्यावर गणेशोत्सव मंडळाची खोली आहे. उत्सवाचे दिवस सोडले तर ती रिकामीच असते, म्हणून दर रविवारी सकाळी मी तिथे अकरावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. दोघांत एक लॅपटॉप, काहींकडे नुसता फोन. सुरुवातीच्या तीन-चार रविवारी "ताई, लाल आलं", म्हणजे पडद्यावर लाल अक्षरांत एरर आली, अशी हाक सारखी येते, आणि बहुतेक वेळा चूक एकाच जागी असते, ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत. मुलं स्पेलिंग पाहतात, कंस मोजतात, अवतरणचिन्हं तपासतात. जिथे काही लिहिलेलंच नाही तिथे बघावं हे कुणाला सुचत नाही.

या मोकळ्या जागेला इंडेंटेशन म्हणतात. वर्गात मी तिला समास म्हणते. शाळेत बाई "समास सोडून लिहा" म्हणायच्या, तोच हा समास. वहीत तो टापटिपीसाठी असतो. पायथनमध्ये मात्र तो व्याकरणाचा भाग आहे, आणि तो बदलला की वाक्याचा अर्थ बदलतो.

एक खुलासा आधीच करते. खालचे सगळे कोड मी वाचताना जसे उच्चारते तसे देवनागरीत लिहिले आहेत, कारण इथे शब्दांपेक्षा ओळ कुठून सुरू होते हे पाहायचे आहे. संगणकावर इफ, फॉर, प्रिंट हे शब्द आणि आकडे नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डानेच टाइप करा. व्हेरिएबलचे नाव ‘एकूण’ असे देवनागरीत दिलेले पायथन ३ ला चालते. कोडमध्ये थेट लिहिलेला देवनागरी आकडा मात्र चालत नाही.

पायथन समास कसा मोजतो

गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत पायथन लिहायला घेतली आणि १९९१ साली ती लोकांसमोर आली. त्याआधी ते एबीसी नावाच्या शिकाऊंसाठीच्या भाषेवर काम करत होते. समास सोडून ओळींचे गट पाडायची पद्धत त्यांनी तिथूनच आणली. सी किंवा जावामध्ये हेच काम महिरपी कंस करतात.

ओळ वाचायला घेतली की पायथन आधी तिच्या सुरुवातीच्या स्पेस मोजतो. त्याच्याकडे आकड्यांची एक चळत असते, ताटांची असते तशी, आणि तळाला शून्य. नव्या ओळीचा समास चळतीतल्या सर्वांत वरच्या आकड्याएवढा असेल तर आधीचाच गट चालू राहतो. जास्त असेल तर तो आकडा चळतीवर चढतो आणि नवा गट सुरू होतो. कमी असेल तर जुळणारा आकडा लागेपर्यंत वरची ताटे निघत जातात, म्हणजे तेवढे गट बंद होतात. जुळणारे ताटच नसेल तर पायथन तिथेच थांबतो.

```
इफ अंतर <= ५:
    इफ एसी:
        भाडे = १२
      प्रिंट(भाडे)
```

इथे चळतीत ०, ४, ८ आहेत आणि शेवटची ओळ ६ वर आली. सहाचे ताट नाही. प्रिंट आतल्या इफचे की बाहेरच्या, हे पायथन स्वतःच्या मनाने ठरवत नाही. मला त्याचा हा स्वभाव फार आवडतो. अंदाजाने पुढे गेला असता तर आपली चूक आपल्याला कळलीच नसती.

गटासाठी किती स्पेस सोडायच्या याची सक्ती नाही; दोन चालतात, तीनही चालतात, फक्त एका गटातल्या सगळ्या ओळी एका रेषेत हव्यात. तरी चारच सोडा. पायथनच्या लेखनशैलीचा संकेत ‘पेप ८’ म्हणून २००१ पासून लिहिलेला आहे आणि त्यात चार स्पेसच सांगितल्या आहेत. दुसऱ्याचा कोड आपल्यात मिसळताना त्याने निम्मे कष्ट वाचतात.

लाल अक्षरे शेवटून वाचा

लाल आले की लगेच स्पेस मारू नका. आधी सगळ्यात खालची ओळ वाचा, मग ओळीचा क्रमांक बघा, मग त्या ओळीच्या वरची ओळ बघा. वरची ओळ बघायची सवय महत्त्वाची, कारण पायथन चूक लक्षात आली ती ओळ दाखवतो. चूक झाली ती ओळ पुष्कळदा एक घर वर असते.

‘एक्स्पेक्टेड ॲन इंडेंटेड ब्लॉक’ असे आले तर वरच्या ओळीच्या शेवटी कोलन आहे आणि खालची ओळ आत घ्यायची राहिली आहे. पायथन ३.१० पासून हा निरोप कोणत्या ओळीवरच्या इफ किंवा फॉरनंतर गट हवा होता तेही सांगतो, त्यामुळे शोधावे लागत नाही. याच चुकीचा एक प्रकार मुलांना हमखास अडकवतो. फंक्शनचे, म्हणजे नाव देऊन बांधलेल्या ओळींच्या गटाचे, नाव लिहून खाली नुसती ‘हे नंतर लिहायचे’ अशी कॉमेंट, म्हणजे स्वतःसाठीची टीप, ठेवली, तर कॉमेंट आत असूनही हीच एरर येते, कारण पायथनच्या लेखी कॉमेंट म्हणजे काहीच नाही. तिथे आत ‘पास’ हा एक शब्द लिहा.

‘अनएक्स्पेक्टेड इंडेंट’ म्हणजे उलट. वर कोलन नसताना ओळ आत गेली आहे. कुठून तरी कॉपी केलेल्या ओळीच्या आधी एक स्पेस चिकटून आली की असे होते. कर्सर ओळीवर ठेवून होम की दाबली तर किती आत आहे ते दिसते.

‘अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल’ हा वरच्या सहाच्या ताटाचा प्रसंग.

यात इंडेंटेशनचे नावही न घेणारी एक एरर असते, म्हणून ती वेगळी सांगते. एल्सच्या ओळीवर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ आले की मुलं एल्सचे स्पेलिंग बघत बसतात. एल्स बरोबर असते. इफचा गट संपल्यावर आणि एल्सच्या आधी एखादी ओळ बाहेर आलेली असते:

```
इफ अंतर <= ५:
    प्रिंट("१० रुपये")
प्रिंट("धन्यवाद")
एल्स:
    प्रिंट("पुढचा टप्पा")
```

धन्यवादाच्या ओळीने इफ संपवले. आता एल्सला मालक उरला नाही. ती ओळ एकतर आत घ्या नाहीतर एल्सच्या गटाखाली न्या. दोन्हींचा अर्थ वेगळा होतो, तेव्हा धन्यवाद कुणाला म्हणायचे आहे ते आधी ठरवा.

टॅब आणि स्पेस

‘टॅबएरर: इन्कन्सिस्टंट यूज ऑफ टॅब्ज अँड स्पेसेस इन इंडेंटेशन’. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मुलं रडकुंडीला येतात. कॉलेजच्या लॅबमध्ये अर्धा प्रोग्राम नोटपॅडमध्ये लिहिला, तिथे टॅब की दाबल्यावर खरोखरचे टॅब अक्षर बसले. उरलेला घरी आयडल या पायथनबरोबर येणाऱ्या एडिटरमध्ये लिहिला, तिथे तीच की चार स्पेस टाकते. पडद्यावर दोन्ही ओळी एका रेषेत दिसू शकतात, फाइलमध्ये मात्र एकीत एक अक्षर आहे आणि दुसरीत चार. पायथन २ टॅबला पुढच्या आठाच्या पटीपर्यंत नेऊन निभावून घ्यायचा, आणि त्यामुळे कधी कधी पडद्यावर एक आणि चालताना दुसरेच असे व्हायचे. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने ते बंद केले. टॅबची रुंदी किती धरली यावर अर्थ ठरत असेल तर तो सरळ नकार देतो.

उपाय असा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये व्ह्यू मेनूत अपिअरन्स आणि त्यात रेंडर व्हाइटस्पेस चालू करा. स्पेस ठिपक्यांसारख्या आणि टॅब बाणांसारखे दिसू लागतात. मग खालच्या पट्टीत उजवीकडे ‘स्पेसेस’ किंवा ‘टॅब साइझ’ लिहिलेले असते त्यावर क्लिक करून ‘कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस’ निवडा. आयडलमध्ये सगळा कोड निवडून फॉरमॅट मेनूतून ‘अनटॅबिफाय रीजन’ द्या. तो टॅबची रुंदी विचारतो, मूळ एडिटरमध्ये जितकी होती तितकी सांगा. फाइल मोठी असेल आणि गडबड कुठे आहे ते आधी पाहायचे असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, ‘पायथन -एम टॅबनॅनी’ आणि पुढे फाइलचे नाव असा आदेश द्या. पायथनबरोबरच येणारे हे छोटे अवजार संशयित ओळ दाखवते.

बदलून झाले की कोड वरपासून खालपर्यंत एकदा डोळ्यांखालून घाला. यंत्राने टॅबचे स्पेस केले, पण ओळ योग्य गटात आहे की नाही हे त्याला माहीत नाही. आपोआप कोड नीट मांडणाऱ्या ‘ब्लॅक’सारख्या साधनांचीही हीच मर्यादा आहे. ज्या कोडला पायथनच वाचू शकत नाही त्याला ब्लॅक हातही लावत नाही.

वेबपानावरून किंवा पीडीएफमधून घेतलेल्या कोडमध्ये कधी कधी साध्या स्पेससारखी दिसणारी वेगळीच स्पेस येते, दोन शब्द तुटू नयेत म्हणून छपाईत वापरतात ती. तेव्हा ‘इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर’ असा निरोप मिळतो. त्या ओळींच्या सुरुवातीची जागा पूर्ण पुसून पुन्हा टाइप करणे हा सर्वांत झटपट मार्ग.

सगळाच समास उडाला असेल तर

भांडुपहून येणाऱ्या एका मुलीला मैत्रिणीने प्रोजेक्टचा कोड मेसेजवर पाठवला आणि तो असा आला. बेस्टच्या बसचे पहिल्या टप्प्याचे भाडे सांगणारे फंक्शन होते. मे २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत साध्या बसला १० रुपये आणि एसी बसला १२ रुपये आहेत. पुढचे टप्पे अजून लिहायचे होते, म्हणून तोवर उत्तर शून्य.

```
डेफ भाडे(अंतर, एसी):
रक्कम = ०
इफ अंतर <= ५:
इफ एसी:
रक्कम = १२
एल्स:
रक्कम = १०
रिटर्न रक्कम
```

अशा वेळी एररमागे धावत एकेक ओळ सरकवू नका. लाल जाईल, पण प्रोग्राम भलताच होईल. मुलीने तेच केले होते आणि साध्या बसचे भाडे शून्य येत होते.

कोलन असलेल्या ओळी आधी शोधा: डेफ, दोन इफ, एक एल्स. प्रत्येकाच्या खालची निदान एक ओळ त्याच्या आत जाणार हे नक्की. मग बाहेरून आत या. डेफखालचे सगळे चार स्पेस आत घ्या. व्हीएस कोडमध्ये ओळी निवडून टॅब दाबला की सगळ्या एकदम सरकतात, शिफ्ट आणि टॅबने मागे येतात. आयडलमध्ये कंट्रोलबरोबर उजवा चौकटी कंस आत नेतो, डावा बाहेर आणतो.

यापुढे प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे: तू कोणाच्या अटीवर चालतेस, आणि किती वेळा? कोडकडे न बघता, साध्या मराठीत उत्तर द्या. ‘रक्कम = १२’ ही ओळ अंतर पाचपर्यंत असेल आणि बस एसी असेल तरच चालते. दोन अटी, म्हणजे दोन पायऱ्या आत. एल्स कुणाचे? ‘एसी नसेल तर दहा’ असे म्हणायचे आहे, म्हणून ते आतल्या इफच्या रेषेत. ते बाहेरच्या इफखाली ठेवले तर त्याचा अर्थ ‘अंतर पाचपेक्षा जास्त असेल तर दहा’ असा होतो. पायथन तक्रार करत नाही. त्या मुलीचे नेमके हेच झाले होते.

आता रिटर्न. उत्तर प्रत्येक प्रवाशाला द्यायचे, अंतर काहीही असो, म्हणून ते कुठल्याच इफच्या आत नाही. फंक्शनच्या मात्र आत आहे.

```
डेफ भाडे(अंतर, एसी):
    रक्कम = ०
    इफ अंतर <= ५:
        इफ एसी:
            रक्कम = १२
        एल्स:
            रक्कम = १०
    रिटर्न रक्कम
```

रिटर्न एक पायरी आत गेले असते तर आठ किलोमीटरच्या प्रवाशाला शून्य न मिळता ‘नन’ मिळाले असते, म्हणजे काहीच नाही. म्हणून तपासताना प्रत्येक वाटेने एकदा चाला: ३ किलोमीटर एसी, ३ साधी, ८ एसी, ८ साधी. कागदावर आधी १२, १०, ०, ० लिहून ठेवा आणि मग चालवा. आधी चालवून मग ‘बरोबर असेल’ म्हणणे सोपे असते, म्हणून मी मुलांना कागद पुढे ठेवल्याशिवाय रनचे बटण दाबू देत नाही.

लाल न येता होणाऱ्या चुका

मला सर्वांत जास्त काळजी यांची वाटते. लाल अक्षरे निदान हाक तरी मारतात. चार दिवसांचा प्रवासखर्च बेरजेला घेऊ:

```
खर्च = [४०, ५५, ३०, ६५]
एकूण = ०
फॉर ख इन खर्च:
    एकूण = एकूण + ख
प्रिंट(एकूण)
```

उत्तर १९०. आता प्रिंट चार स्पेस आत घ्या: ४०, ९५, १२५, १९० असे चार आकडे छापले जातात. शेवटचा बरोबर असतो म्हणून मुलं हे चालवून घेतात. ‘एकूण = ०’ ही ओळ फॉरच्या आत गेली तर प्रत्येक दिवशी गल्ला रिकामा होतो आणि शेवटी हातात फक्त ६५ उरतात. हेच फंक्शनमध्ये लिहून रिटर्न लूपच्या, म्हणजे फॉरसारख्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या गटाच्या, आत गेले तर पहिल्याच फेरीत बाहेर पडून ४० मिळतात. ओळी त्याच, शब्द तेच, आणि एकदाही लाल नाही.

म्हणून उत्तर चुकले की आकड्याकडेच बघा. शेवटचीच नोंद आली असेल तर सुरुवातीचे शून्य आत गेले असेल किंवा बेरीज बाहेर आली असेल. पहिलीच नोंद आली असेल तर रिटर्न किंवा लूप मध्येच तोडणारा ब्रेक आत आहे. उत्तर अनेकदा छापले गेले असेल तर प्रिंट आत आहे. प्रोग्राम थांबतच नसेल तर व्हाइल लूपमधली मोजणी वाढवणारी ओळ बाहेर राहिली असेल. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा आणि ती आत घ्या.

याहून फसवी जागा एल्सची. पायथनमध्ये फॉरलाही एल्स जोडता येते, आणि हे बऱ्याच नवशिक्यांना ठाऊकच नसते.

```
स्थानके = ["दादर", "माटुंगा", "शीव", "कुर्ला"]
फॉर स इन स्थानके:
    इफ स == "शीव":
        प्रिंट("सापडले")
    एल्स:
        प्रिंट("यादीत नाही")
```

हे ‘यादीत नाही, यादीत नाही, सापडले, यादीत नाही’ असे छापते, कारण एल्स प्रत्येक स्थानकावर विचारते. ते डावीकडे आणून फॉरच्या रेषेत ठेवले की ते फॉरचे एल्स होते आणि लूप ब्रेकने न तुटता पुरा झाला तरच चालते. तेव्हा ‘सापडले’च्या खाली, त्याच रेषेत ‘ब्रेक’ही घाला. तो विसरलात तर ‘सापडले’ आणि पाठोपाठ ‘यादीत नाही’ अशी दोन्ही उत्तरे मिळतील.

"मग कंसांची भाषा बरी नाही का?" असे दरवर्षी कुणीतरी विचारते. मी २०१४ ची गोष्ट सांगते. ॲपलच्या सी भाषेतल्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ समासामुळे इफच्या आत असल्यासारखी दिसत होती, पण कंस नसल्याने ती इफबाहेर होती आणि दर वेळी चालत होती. त्यामुळे सुरक्षित जोडणीची सही तपासणारा पुढचा भाग ओलांडलाच जात होता. आयफोन आणि मॅक दोन्हींना दुरुस्ती पाठवावी लागली. तिथे समास एक सांगत होता आणि यंत्र दुसरे करत होते. पायथनमध्ये टॅबचा घोळ नसेल तर डोळ्यांना दिसते तेच यंत्र वाचते, आणि शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

फोनवर, टर्मिनलमध्ये आणि पेपरात

फोनवर लिहिणाऱ्यांनी साध्या नोट्समध्ये कोड लिहू नये. पायड्रॉइडसारखे पायथनचे ॲप घ्यावे. त्यात कोलननंतर एंटर दाबले की कर्सर आपोआप आत जातो. गट संपला की स्वतः मागे यायचे ध्यानात ठेवा. फोनवरच्या बहुतेक चुका ओळ आतच राहिल्याच्या असतात.

टर्मिनलमध्ये तीन बाणांपुढे कोड चिकटवताना जुन्या आवृत्त्यांत फंक्शनच्या मधली रिकामी ओळ गट संपवते, आणि पुढच्या ओळीवर ‘अनएक्स्पेक्टेड इंडेंट’ येते. कोड बरोबर असतो. फाइलमध्ये ठेवून चालवला की चालतो. ३.१३ मध्ये हे सुधारले आहे.

कंस उघडा असेल तोवर आतल्या ओळींचा समास पायथन मोजत नाही. लांब यादी चार ओळींत हवी तशी लिहा, पण कंस मिटायला विसरलात तर पुढच्या निरपराध ओळींवर एरर दिसू शकते. समास बरोबर असूनही लाल येत असेल तर वरचे कंस मोजा.

लेखी परीक्षेत संगणक नसतो. मी मुलांना उत्तरपत्रिकेत पेन्सिलीने अगदी फिक्या तीन-चार उभ्या रेघा मारायला सांगते, बोटाच्या रुंदीच्या अंतराने. प्रत्येक गट एका रेघेवरून सुरू करायचा. पान उलटून गट पुढे गेला तर नव्या पानावरही त्याच रेघा आधी मारायच्या आणि मगच पुढची ओळ लिहायची, नाहीतर पान बदलताना रिटर्न हमखास एक रेघ डावीकडे सरकतो.